इंजिन बसले, पण जुळले का?

जुन्या गाडीचे इंजिन बसले की भंगारबाजारातून दुसरे आणून टाकणे स्वस्त वाटते. मात्र बोल्ट जुळले म्हणजे इंजिन जुळले, असे नाही.

मारुती ८००चेच उदाहरण घ्या. आधीच्या गाड्यांत कार्ब्युरेटर होता, नंतरच्यांत एमपीएफआय आले. दोन्ही इंजिने ७९६ सीसीची, तीन सिलिंडरची. पण कार्ब्युरेटरला पेट्रोल अगदी कमी दाबाने लागते, इंजेक्शनला साधारण ३ बार दाब लागतो. नवा पंप लावून जुने रबरी पाइप तसेच ठेवले, तर ते फुटू शकतात. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल सांडणे म्हणजे आगीला आमंत्रणच.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. सायलेन्सरच्या पाइपचा जोड नीट बसला नाही, तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरू शकतो. या वायूला रंग नाही, वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या तुलनेत २००हून अधिक पट घट्ट चिकटतो. प्रवासात डोके दुखू लागले, मळमळले, तर गाडी थांबवून सर्वांनी मोकळ्या हवेत यावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

म्हणून पैसे देण्यापूर्वी इंजिनाचा कोड, इंधनप्रणाली, ईसीयू व वायरिंग, माउंटिंग आणि गिअरबॉक्सचा जोड मेकॅनिककडून तपासून घ्या. बदललेल्या इंजिनाचा क्रमांक आरटीओत नोंदवून आरसीवर चढवा. तो जुळला नाही, तर विम्याचा दावा अडकू शकतो.