शोक राहिला, भय गेले

आज गुड फ्रायडे. मराठी ख्रिस्ती बांधव यास 'उत्तम शुक्रवार' म्हणतात. चाळीस दिवसांच्या उपवासकाळाच्या अखेरीस येणारा हा दिवस प्रभू येशू ख्रिस्ताच्या क्रूसावरील मरणाच्या स्मरणाचा. अनेक चर्चमध्ये आज वेदीवरील वस्त्रे, दिवे आणि फुले काढून ठेवलेली असतात, घंटानाद बंद असतो. परवा रविवारी ईस्टर, म्हणजे पुनरुत्थानाचा सण. ज्या दिवशी आपला प्रभू मरण पावला, त्या दिवसास 'उत्तम' म्हणणारी ही श्रद्धा आहे तरी कशी, असा प्रश्न आम्हां कीर्तनकारांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तो आमच्या मनात आला तो मात्र ग्रंथ वाचून नव्हे. आमच्याच एका चुकीने आम्हांस तेथवर नेले.

काही वर्षांपूर्वी चातुर्मासात आमच्या गोदाकाठच्या क्षेत्री आमचे कीर्तन चालू होते. आरती झाली, श्रोते बुक्का लावून घेण्यास पुढे येऊ लागले. त्यांत एक माउली होती. तिचा थोरला मुलगा नदीत बुडून गेला होता. तिने वाकून नमस्कार केला आणि विचारले, "बुवा, आमच्या पुण्यात काय कमी पडलं हो?" आम्ही पाठांतराचे धनी! संचित, प्रारब्ध, क्रियमाण यांची सारी मांडणी आम्ही तिला उभ्या उभ्या सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतले, आणि मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "म्हणजे धाकट्यालाही काही होईल का?"

वाचकहो, त्या क्षणी आमच्या ध्यानात आले की, आमच्या शास्त्रार्थाने तिचा शोक तर तसूभरही हलका झाला नाही. उलट, त्यात आम्ही भयाची भर घातली. ती पुन्हा कीर्तनास आली नाही. तिला काय सांगावयास हवे होते, हा विचार मात्र आमच्या मनातून गेला नाही. त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही एका अशा स्त्रीच्या चरित्राशी येऊन थांबलो, जी आमच्यासारख्याच पुराणिकाच्या घरात जन्मली आणि ख्रिस्ताच्या चरणी विसावली. पंडिता रमाबाई हे तिचे नाव.

पुण्याचा हिशेब

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे विद्वान. त्यांनी लोकापवाद सोसून पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले. आणि या मातेने पुढे आपल्या कन्येस. हे कुटुंब तीर्थाहून तीर्थास जाई, देवळांत पुराण सांगे आणि श्रोते जे देतील त्यावर निर्वाह करी. लहान वयातच रमाबाईंना भागवताचे सहस्रावधी श्लोक मुखोद्गत झाले होते.

पुढे १८७० च्या दशकात दक्षिणेत अन्नाची टंचाई आली. दुष्काळात पुराण कोण ऐकणार आणि दक्षिणा कोण देणार? होते नव्हते ते या कुटुंबाने दानधर्मात, ब्राह्मणभोजनात आणि व्रतानुष्ठानात वेचले. पुण्य वाढेल आणि देव संकटातून सोडवील, ही त्यांची भाबडी परंतु प्रामाणिक श्रद्धा होती. द्रव्य संपले, उपवास उरले. वृद्ध शास्त्रीबोवांनी जलसमाधी घेण्याचाही विचार केला. अखेर वडील गेले. मागोमाग आई गेली, थोरली बहीणही गेली. हे सारे अवघ्या काही महिन्यांत घडले.

मागे राहिलेली दोघे भावंडे, रमाबाई आणि श्रीनिवासशास्त्री, पायी हिंदुस्थान हिंडली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीपासून बचाव करण्यास त्यांच्याजवळ पांघरूण नव्हते. तेव्हा त्यांनी वाळूत थडग्यांसारखे दोन खड्डे खणले, त्यांत उतरून डोके तेवढे बाहेर ठेवले आणि अंगावर कोरडी वाळू लोटून घेतली. हे रमाबाईंनीच पुढे लिहून ठेविले आहे.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांस 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. दोनच वर्षांनी, १८८० मध्ये, श्रीनिवासशास्त्री आजारी पडले. आपल्या मागे बहिणीचे कसे होईल, ही एकच चिंता त्यांना जाळीत होती. रमाबाईंनी त्यांस एवढेच सांगितले की, तुझी आणि माझी काळजी वाहणारा देवावाचून कोणीच नाही. हे ऐकून त्या मरणासन्न भावाची चिंता निवली. देव काळजी घेणार असेल तर आपल्याला कशाचेच भय नाही, अशा आशयाचे उत्तर देऊन त्याने डोळे मिटले. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. या वेळी दोघांपैकी कोणाचाही बाप्तिस्मा झालेला नव्हता. कृपेची पहाट धर्मांतराच्या आधीच, एका भावाच्या मृत्युशय्येजवळ उजाडली होती.

कृपा मिळवावी लागत नाही

त्याच वर्षी रमाबाईंचा विवाह बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी झाला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या आरंभी पटकीच्या आजाराने पती निवर्तले. विशीतली ही विधवा तान्ह्या मुलीस घेऊन पुण्यास आली; तेथे तिने आर्य महिला समाज स्थापिला. पुढे १८८३ मध्ये ती इंग्लंडला गेली आणि २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

या निर्णयामागे एक प्रसंग होता. समाजाने टाकलेल्या स्त्रियांची शुश्रूषा तेथील ख्रिस्ती भगिनी करीत. हे पाहून रमाबाई चकित झाल्या. अशा स्त्रियांस शासन करावे असे सांगणारे त्यांना पुष्कळ भेटले होते. त्यांना उराशी धरणारे कोणी भेटले नव्हते. हे कोठून आले, असे विचारता एका भगिनीने त्यांना विहिरीकाठच्या शोमरोनी स्त्रीची कथा सांगितली. योहानकृत शुभवर्तमानातली ही कथा. जिच्या हातचे पाणी यहुदी घेत नसत आणि जिचे जीवन लोकनिंदेचा विषय होते, तिच्याजवळ ख्रिस्ताने स्वतः पाणी मागितले आणि धर्माचे गुह्य तिला सांगितले. आधी शुद्ध होऊन ये, असे तिला म्हटले नाही.

तरीही रमाबाईंचे आत्मनिवेदन सांगते की, बाप्तिस्म्याने त्यांस ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. तो सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास मिळाला. याचा अर्थ आम्हांस असा लागतो: त्या नव्या धर्मातही आरंभी त्या जुना हिशेबच मांडीत होत्या. आपण योग्य झालो की देव स्वीकारील, ही मनाची सवय सहज सुटत नाही. ख्रिस्ती श्रद्धा ज्यास कृपा म्हणते, ती या सवयीच्या मुळावर घाव घालते. येशूच्या दृष्टान्तातील द्राक्षमळ्याचा धनी सकाळपासून राबलेल्या मजुरास आणि दिवस मावळतीस आलेल्या मजुरास सारखेच वेतन देतो. हिशेबाला हे पटत नाही. पण शेवटच्या घटकेपर्यंत बाजारात बिनकामाचे उभे राहिलेल्याच्या घरीही पोरे उपाशीच असतात, हे त्या धन्यास ठाऊक आहे.

आपल्याकडेही हा विचार परका नाही. श्रीवैष्णव आचार्यांत यावर मोठा वाद झाला. माकडीचे पिलू आईस घट्ट धरून ठेवते, तर मांजरी आपल्या पिलास स्वतः तोंडात धरून नेते. जीवाने देवास धरावे की देव जीवास उचलतो? रमाबाई बालपणी पहिल्या पिलासारख्या देवास धरून होत्या, आणि दुष्काळात हात सुटले. आपले हात सुटले तरी आपल्याला धरणारा सुटत नाही, हे त्यांस पुढे उमगले.

रडणारा देव

मग कृपा झाल्यावर शोक उरत नाही काय? येथेच आजच्या दिवसाचे मर्म आहे. बेथानी गावचा लाजरस मरून चार दिवस झाले होते. येशू तेथे पोहोचला. आपण त्यास उठविणार आहोत हे जाणूनही, त्याच्या बहिणींचे रडणे पाहून तो रडला. गेथशेमानेच्या बागेत, क्रूसाच्या आदल्या रात्री, तो व्याकूळ झाला आणि दुःखाचा हा प्याला टळावा अशी प्रार्थना त्याने केली. शिष्य मात्र झोपी गेले होते. आणि क्रूसावर, देवाने आपल्यास का टाकले, असा आर्त प्रश्न त्याने विचारला. शोक म्हणजे श्रद्धेची उणीव असती, तर या साऱ्या कथा शुभवर्तमानांत लिहिल्याच गेल्या नसत्या.

आम्ही संस्कृताचे विद्यार्थी. म्हणून 'कृपा' या शब्दापाशी पुन्हा गेलो. वेदवाङ्मयात 'कृप्' धातू विलाप करणे, आर्ततेने याचना करणे या अर्थी येतो. गीतेच्या पहिल्या अध्यायात आप्तांस समोर पाहून अर्जुन 'कृपे'ने व्यापला जातो, आणि त्याच स्थितीत विषाद करतो. म्हणजे आपल्या भाषेच्या मुळाशीच कृपा आणि शोक यांचे नाते आहे. कृपा ही उंच आसनावरून खाली टाकलेली भिक्षा नव्हे. दुसऱ्याच्या दुःखाने स्वतः कळवळणे, ही कृपा. क्रूसावरचा देव ख्रिस्ती भक्ताला हेच सांगतो की, तुझ्या शोकात मी तुझ्यासोबत आहे, तुझे दुःख ही माझी शिक्षा नव्हे. शिक्षेची कल्पना गेली की भय जाते. शोक राहतो; पण तो एकटा राहत नाही. गीतेने दैवी संपत्तीच्या यादीत 'अभय' सर्वांत आधी का ठेविले, तेही मग थोडेसे कळते.

दुष्काळात पुन्हा प्रवेश

रमाबाईंचे भय गेले याचा पुरावा त्यांच्या कृतीत आहे. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून मोठे वादळ उठले, सुधारक सल्लागारांनी संबंध तोडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पुण्याच्या त्या वादात दोन्ही पक्षांस आपापली वेदना होती, हे आज आम्ही मान्य करतो. रमाबाईंनी आमच्या शास्त्रांवर केलेली टीका आम्हांस आजही बोचते, आणि विधवांच्या बाबतीत तिचे उत्तर देणे आजही कठीण जाते.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. ज्या स्त्रीचे आई-बाप आणि बहीण अन्नावाचून गेले, तिने दुष्काळाच्या नुसत्या नावानेही दार लावून घेतले असते तर तिला कोण दोष देता? रमाबाई मात्र स्वतः तेथे गेल्या आणि उपाशी मुलींस, बालविधवांस घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते. म्हणून पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगावच्या शेतात त्यांची सोय केली. तेथेच 'मुक्ती' उभी राहिली. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या. आपला जुना दुष्काळच त्यांस या मुलींकडे घेऊन गेला. झेलमच्या वाळूतून उठलेली मुलगी इतर मुलींस खड्ड्यांतून हात देऊन वर काढीत होती. ईस्टर याहून निराळा काय असावा?

शोकाने त्यांची पाठ अखेरपर्यंत सोडली नाही. ज्या मनोरमाबाईंवर संस्थेचा भार सोपवावयाचा, त्या १९२१ च्या जुलैत गेल्या. त्या वेळी रमाबाई बायबलाच्या मराठी भाषांतराच्या कामात होत्या. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या होत्या. कलकत्त्याच्या पंडितांस संस्कृत वाणीने थक्क करणाऱ्या या सरस्वतीने हे भाषांतर मात्र साध्या मराठीत केले, खेड्यातील बाईसही वाचता यावे म्हणून. मुलगी गेली तरी काम थांबले नाही. ते पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावी त्यांनी देह ठेविला. त्या वर्षीचा ईस्टर १६ एप्रिलला होता. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. केडगावची मुक्ती आजही निराधार स्त्रियांस आसरा देत आहे.

असो. आमचा पंथ निराळा, आमचा विठ्ठल आमच्या ठायी अढळ आहे. पण त्या माउलीस काय सांगावयास हवे होते, हे आम्हांस या पुराणिकाच्या लेकीने शिकविले. तुझ्या पुण्यात काही कमी पडले नाही, हे प्रथम सांगावयास हवे होते. देव तुझ्या धाकट्याच्या मागे वही घेऊन बसलेला नाही, हे मग. आणि त्याही आधी, काहीच न बोलता, तिच्याजवळ घटकाभर बसावयास हवे होते. ती माउली हे वाचीत असेल, तर तिने आम्हांस क्षमा करावी. आता कीर्तनानंतर असा कोणी आला की आम्ही वीणा खाली ठेवतो आणि आधी त्याच्या शेजारी बसतो.

महाराष्ट्रातील आणि गोमंतकातील सर्व ख्रिस्ती बंधुभगिनींस परवाच्या पुनरुत्थानाच्या सणानिमित्त आमचा सप्रेम नमस्कार.