आवाज कुठला, दोष कुठला?

शाफ्टवर धावणाऱ्या मोटारसायकलींतील कंपनांचे निदान

साखळीला तेल देणे नाही, ती ताणून घेणे नाही, पावसाळ्यात चिखलाने माखलेली साखळी धूत बसणे नाही. साखळीऐवजी शाफ्ट असलेली मोटारसायकल घेणाऱ्याला या निश्चिंतीचे मोठे आकर्षण असते. बीएमडब्ल्यूने 1923 मध्ये आणलेल्या ‘आर 32’ या आपल्या पहिल्या मोटारसायकलीतच शाफ्ट वापरला होता. याच कंपनीच्या ‘जीएस’ मालिकेतील गाड्या आता मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरही दिसतात. मात्र निश्चिंती म्हणजे दुर्लक्ष नव्हे. झिजलेली साखळी डोळ्यांना दिसते. शाफ्ट मात्र मागच्या पोकळ स्विंग आर्ममध्ये दडलेला असतो. त्याची तक्रार कळते ती आवाजातून आणि कंपनातून. ती वेळीच ओळखली नाही, तर भर वेगात जॉइंट तुटून मागचे चाक अडकण्याचा धोका असतो. चुकीची ओळखली, तर धडधाकट भाग बदलून मोठा खर्च वाया जातो.

रचना कशी असते?

इंजिनाची शक्ती क्लच आणि गिअरबॉक्समधून शाफ्टकडे जाते. शाफ्टच्या शेवटी असलेले क्राऊन-पिनियन तिची दिशा काटकोनात वळवून ती चाकाला देते. मागचे चाक खड्ड्यांवर वर-खाली होत असल्याने शाफ्टला वाकण्याची सोय लागते. ती सोय युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे गॅरेजच्या भाषेतील ‘क्रॉस’, करतो.

या जॉइंटचा एक उपजत दोष आहे. तो कोनात असताना पुढचा भाग एकसारख्या वेगाने फिरला, तरी मागचा भाग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो आणि दोनदा कमी करतो. कोन 10 अंशांचा असेल तर हा चढउतार सुमारे दीड टक्का असतो. 20 अंशांना तो सहा टक्क्यांवर जातो. ‘जीएस’च्या 1980 मधील पहिल्या गाडीत एकच जॉइंट होता. 1987 मध्ये आलेल्या ‘पॅरालिव्हर’ रचनेत शाफ्टला दोन जॉइंट मिळाले. दोन्ही जॉइंट परस्परांशी योग्य जुळणीत बसवलेले असतील, तर एकाचा चढउतार दुसरा बऱ्याच अंशी भरून काढतो. जोडणीत ही जुळणी चुकली, तर नवा कोरा शाफ्टही थरथरतो. गॅरेजमधून काम करून आणल्यानंतर कंपने सुरू झाली असतील, तर पहिली शंका इथेच घ्यावी.

कंपनांची गती काय सांगते?

मागच्या टायरचा घेर साधारण दोन मीटर असतो. ताशी 72 किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला 10 फेरे घेते. शाफ्ट त्याच्या जवळपास तिप्पट, म्हणजे सुमारे 30 फेरे घेतो आणि जॉइंटमुळे होणारे कंपन सेकंदाला 60 च्या आसपास जाते. त्यामुळे सीटखाली सावकाश ‘धप-धप’ जाणवत असेल, तर दोष बहुधा टायर किंवा रिममध्ये असतो. पायांच्या तळव्यांना मुंग्या आल्यासारखी बारीक थरथर असेल, तर शाफ्टवर किंवा इंजिनावर संशय घ्यावा. या दोघांतील फरक पुढील चाचण्यांतून कळतो.

रस्त्यावरील तीन चाचण्या

त्याआधी टायरमधील हवा, त्याची झीज आणि रिमचा बाक तपासून घ्यावा. गुळगुळीत डांबरावरून खडबडीत काँक्रीटवर जाताच आवाज बदलत असेल, तर तो टायरचाच समजावा. पुढील चाचण्या रिकाम्या, सरळ रस्त्यावर आणि बेताच्या वेगातच कराव्यात.

पहिली चाचणी गिअरची. ताशी 60 किलोमीटर वेग कायम ठेवून आधी चौथ्या आणि मग पाचव्या गिअरमध्ये गाडी चालवावी. गिअरबरोबर कंपन बदलले, तर मूळ इंजिनाच्या बाजूला आहे. गाडी उभी असताना न्यूट्रलमध्ये रेस दिल्यावरही तेच कंपन जाणवले, तर ही शंका पक्की होते.

दुसरी चाचणी क्लचची. क्लच दाबून गाडी तशीच घरंगळू द्यावी. इंजिन मंदावल्यावरही आवाज वेगाबरोबरच हळूहळू उतरत असेल, तर दोष क्लचच्या पुढे आहे. मात्र अशा वेळी गिअरबॉक्सही फिरत असतो. त्याला लगेच निर्दोष ठरवू नये.

तिसरी चाचणी भाराची. थ्रॉटल उघडल्यावर एक सूर आणि सोडल्यावर दुसरा सूर येत असेल, तर क्राऊन-पिनियनचे दाते पाहावेत. कारण दोन्ही वेळी दात्यांच्या वेगवेगळ्या बाजूंवर भार येतो. थ्रॉटल उघडता-सोडताना होणारा ‘ठक’ आवाज थोडा असणे स्वाभाविक आहे. तो वाढत चालला असेल, तर स्प्लाइन किंवा जॉइंट झिजल्याची शक्यता असते. वळणावर गाडी कलंडताच घरघर वाढली, तर चाकाचे बेअरिंग संशयास्पद ठरते.

हाताने तपासणी

इंजिन बंद करून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी. चाक वरून आणि खालून धरून हलवावे. ‘प्ले’ जाणवल्यास दुसऱ्या व्यक्तीने स्विंग आर्मच्या सांध्यांवर बोट ठेवून पाहावे. हालचाल सांध्यात नसेल, तर ती बेअरिंगमध्ये आहे. स्टँडवर इंजिन चालू करून चाक फिरवण्याचा मोह मात्र टाळावा. चाक लोंबकळत असताना जॉइंटचा कोन वाढतो. ऐकू येणारा खडखडाट फसवा असतो आणि जॉइंटवर अकारण ताण येतो.

मागच्या गिअर-हाउसिंगमधील तेल पाव लिटरपेक्षाही कमी असते. ते काढून चुंबकी बोल्ट पाहावा. त्यावरचा राखाडी, मलमासारखा थर नेहमीचा असतो. नखाला लागणारे धातूचे कण ही मात्र धोक्याची सूचना होय. रबरी बूट सरकवून आत पाहिल्यावर लालसर भुकटी दिसली, तर स्प्लाइन कोरडे पडून झिजत आहेत. तेल दिसले तर सील गेले आहे, आणि पाणी दिसले तर गंजाला सुरुवात झाली आहे.

या शेवटच्या मुद्द्याकडे कोकणात पावसाळी भटकंती करणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. स्विंग आर्ममध्ये साचलेल्या पाण्याने शाफ्ट गंजू शकतो, म्हणूनच 2022 मध्ये बीएमडब्ल्यूने ‘आर 1200 जीएस’ आणि ‘आर 1250 जीएस’ यांच्या शाफ्टची तपासणी मोहीम हाती घेतली होती.

चाकात ‘प्ले’, तेलात धातूचे कण किंवा दिवसागणिक वाढणारा ‘ठक’ आवाज, यांपैकी एकही लक्षण आढळल्यास गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेऊ नये; ती टेम्पोत घालून न्यावी. इतर वेळी आवाज कोणत्या वेगाला, कोणत्या गिअरमध्ये, भार असताना की सोडल्यावर येतो, याची नोंद कागदावर करून मेकॅनिकच्या हाती द्यावी. ‘गाडी आवाज करते’ एवढ्याच तक्रारीवर सुरू झालेली दुरुस्ती बहुधा महागच पडते.