गेटबाहेरची रात्र
मालाची वाट : लेखांक सातवा

मागच्या लेखांकात मालासोबत चालणारे कागद आपण पाहिले : इनव्हॉइस, बिल्टी, ई-वे बिल. ई-वे बिलाची मुदत साधारण २०० किलोमीटरमागे १ दिवस असते, तेही त्यात आलं. आता गाडी चाकणला येऊन पोहोचली आहे. बिलाचं घड्याळ चालू आहे, कारखान्यातल्या असेंब्ली लाइनचंही चालू आहे. रस्त्याकडेला गाडी लावून बसलेल्या ड्रायव्हरच्या वेळेची नोंद मात्र कुठल्याच कागदावर होत नाही. हा लेखांक त्या वेळेबद्दल आहे.

चाकण हे दोन रस्त्यांच्या फुलीवरचं गाव. पुणे-नाशिक महामार्ग उभा जातो, तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता आडवा. न्हावाशेव्याच्या बंदरातून निघालेला कंटेनर तळेगावला वळून इथे येतो, नगरकडचा ट्रक शिक्रापूरवरून. एके काळी इथे थांबणाऱ्या गाड्या मुख्यतः कांदा-बटाट्याच्या असत, मार्केट यार्डात रिकाम्या व्हायच्या आणि परतायच्या. पुढे महाळुंगे, खराबवाडी, निघोजे, सावरदरी, वासुली या गावांच्या शिवारात एमआयडीसीचे टप्पे एकामागून एक पसरत गेले. बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज आले आणि त्यांच्यामागे सुटे भाग पुरवणारे शेकडो कारखाने आले. प्लॉट आखले गेले, वीज आली, पाण्याच्या लाइनी आल्या. या सगळ्यांना माल पुरवणाऱ्या आणि इथला माल देशभर नेणाऱ्या गाड्या उभ्या कुठे राहणार, या प्रश्नाचं उत्तर मात्र रस्त्याच्या कडेवर सोडून दिलं गेलं.

गाड्या का थांबतात, हे आधी नीट समजून घेऊ. वाहन उद्योग गोदामात माल साठवत नाही. लागेल तेव्हा लागेल तेवढाच भाग लाइनवर यावा, ही ‘जस्ट इन टाइम’ पद्धत. माल उशिरा आला आणि लाइन थांबली, तर पुरवठादाराच्या नावावर डेबिट नोट फाटते. म्हणून पुरवठादार ट्रान्सपोर्टरला सांगतो, गाडी आधीच नेऊन उभी कर. ट्रान्सपोर्टर तेच ड्रायव्हरला सांगतो. त्यात गर्दीच्या वेळी जड वाहनांना प्रवेशबंदी, म्हणजे बंदी लागायच्या आत पोहोचणं आलंच. गाडी वेळेआधी येते आणि गेटबाहेर लागते. जो साठा कारखान्याने आपल्या गोदामातून काढून टाकला, तो असा चाकांवर बसून रस्त्यावर असतो. गोदामाला भाडं पडलं असतं, विमा आणि रखवालदारही लागला असता. ट्रक मालाचं गोदाम होतो आणि ड्रायव्हर त्याचा रखवालदार, तोही बिनपगारी.

बिनपगारी हा शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरची कमाई बहुतेक ठिकाणी फेरीवर ठरते : महिन्याला ठरावीक रक्कम आणि वर फेरीमागे भत्ता, किंवा नुसताच भत्ता. गाडी चालली तर पैसे. उभ्या गाडीचे ‘हॉल्टिंग’ म्हणून पैसे लावायची रीत धंद्यात आहे, पण ते एक-दोन दिवस उलटल्यावर सुरू होतात, कारखान्याकडून ट्रान्सपोर्टरला आणि ट्रान्सपोर्टरकडून गाडीमालकाला मिळतात, तेही भांडून. केबिनमध्ये रात्र काढलेल्या माणसापर्यंत त्यातलं फारसं काही पोहोचत नाही.

एमआयडीसीतल्या कुठल्याही मोठ्या गेटसमोरच्या रस्त्यावर संध्याकाळी गेलात, तर हेच दिसेल. ट्रकच्या बाजूची पेटी उघडलेली असते, तिच्या झाकणावर स्टोव्ह, कणीक मळायची परात आणि प्लास्टिकचा पाण्याचा कॅन. दोघं-तिघं ड्रायव्हर मिळून एकच भाजी करतात. कांदा एकाचा, तेल दुसऱ्याचं. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला भिंत, तिच्यावर तारा आणि कॅमेरे. भिंतीच्या आत कॅन्टीन आहे, स्वच्छतागृह आहे, फिल्टरचं पाणी आहे, पण ते आतल्यांसाठी. बाहेरच्याला अंघोळ करायची तर पंक्चरवाल्याच्या हौदावर, आणि शौचाला जायचं तर अंधार पडायची वाट बघत उरल्यासुरल्या मोकळ्या प्लॉटकडे. त्या प्लॉटच्या शेजारी गावची वस्ती असते. गावकरी चिडतात, आणि त्यांचंही चुकत नाही. कारखान्याने जी सोय केली नाही, तिच्यावरून गावकरी आणि ड्रायव्हर एकमेकांशी भांडत बसतात.

रात्री रांग सरकते. पुढची गाडी आत गेली की मागच्या सगळ्यांनी एकेक गाडीभर पुढे यायचं. ज्याचा डोळा लागला, त्याच्या दरवाज्यावर सिक्युरिटीवाल्याची काठी वाजते. ‘ए राजस्थान, गाडी पुढे घे.’ नंबर प्लेटवरचं राज्य हेच त्या माणसाचं नाव. नंबर एमएच-१४ असेल, तर ‘ए चौदा’. गेटवर कागदांची पिशवी खिडकीतून आत जाते. मग हेल्मेट, जॅकेट, सेफ्टी शूज आहेत का, हे पाहिलं जातं. नसतील तर गाडी बाजूला. क्लीनरला बऱ्याच ठिकाणी आत घेत नाहीत, तो बाहेर फुटपाथवर बसून राहतो. माल उतरला की लगेच ट्रान्सपोर्टरचा फोन येतो : परतीचा लोड भरायला अमुक ठिकाणी पोहोच. रात्रभर तुकड्यातुकड्यांत झोपलेला माणूस चाळीस-पन्नास टनांची गाडी घेऊन नाशिक रस्त्याला लागतो. त्याच रस्त्यावर तुमची मुलगी स्कूटरवर कामाला निघालेली असते.

सेव्हलाइफ फाउंडेशनने महिंद्राच्या सहकार्याने २०२० मध्ये देशातल्या दहा वाहतूक केंद्रांमधल्या ट्रक ड्रायव्हरांची पाहणी प्रसिद्ध केली. जवळजवळ निम्म्यांनी थकलेल्या किंवा झोपाळलेल्या अवस्थेत गाडी चालवत असल्याचं सांगितलं. आपल्या घरातल्या कुणाला हा धंदा करायला सांगणार नाही, असं म्हणणारे ८४ टक्के होते. मला दुसरा आकडा अधिक बोचतो. शेतकऱ्याच्या तोंडी अशी वाक्यं ऐकायची आपल्याला सवय झाली आहे. ड्रायव्हरची दखल मात्र आपण त्याने चाकं थांबवल्यावरच घेतो. १ आणि २ जानेवारी २०२४ ला अपघाताबाबतच्या नव्या कलमाविरुद्ध गाड्या उभ्या राहिल्या आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. ते कलम, भारतीय न्याय संहितेचं १०६(२), सरकारने पुढे लागू न करता बाजूला ठेवलं. ड्रायव्हरांच्या झोपेचा आणि अंघोळीचा प्रश्न त्या वाटाघाटींत दुय्यमच राहिला.

कायदा नव्हता असं नाही. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ सालचा. दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास काम, सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती, आणि जिथे कामगाराला रात्री मुक्काम करावा लागतो तिथे विश्रांतीची खोली. साठ वर्षांपूर्वी इतकं स्पष्ट लिहून ठेवलेलं होतं. पण ही जबाबदारी ड्रायव्हरच्या मालकावर, आणि तीही पाच किंवा अधिक कामगार ठेवणाऱ्यावर. आपल्याकडे बहुतांश गाडीमालकांकडे दोन-चार ट्रक असतात. बीडच्या किंवा अलवरच्या अशा मालकाने चाकणमध्ये विश्रांतिगृह कसं बांधावं? ज्याला ते सहज बांधता येईल, तो कारखाना मात्र कायद्याच्या नजरेत या ड्रायव्हरचा कुणीच लागत नाही. १९६१ चा तो कायदा आता व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे आणि ती नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पण भिंतीबाहेर थांबलेल्या परक्या ड्रायव्हरची जबाबदारी कुणाची, हा तिढा नाव बदलल्याने सुटत नाही.

सोयी अजिबात झाल्या नाहीत, असंही म्हणता येणार नाही. निगडीला ट्रान्सपोर्टनगर आहे. सरकारी तेल कंपन्यांनी महामार्गांवरच्या पंपांजवळ ‘अपना घर’ नावाने ड्रायव्हरांसाठी मुक्कामाची सोय सुरू केली आहे : खाटा, स्वच्छतागृह, अंघोळीचा हौद, स्वतः रांधायला जागा. २०२५ च्या सुरुवातीला देशभरात अशी साडेतीनशेच्या आसपास ठिकाणं होती. नव्या ट्रकच्या केबिनला २०२५ पासून एसी सक्तीचा झाला. या सगळ्याचं मी मनापासून स्वागत करते. ज्यांनी जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर पिंपरीहून निघालेली बिनकेबिनची चॅसी आणि तिच्यावर तोंडाला फडकं बांधून बसलेला ड्रायव्हर पाहिला आहे, त्यांना एसी केबिन म्हणजे काय ते कळेल. पण गेटसमोर इंजिन बंद ठेवावं लागतं आणि डिझेलचा हिशेब मालक लिटरवर मागतो. इंजिन बंद म्हणजे एसी बंद.

‘अपना घर’चीही अडचण अशीच आहे. खाट दहा-पंधरा किलोमीटरवर असली आणि रांगेतला नंबर गेटवर असला, तर माणूस खाटेवर जाणार नाही. गेला तर नंबर जातो. मागे राहिलेल्या गाडीतून डिझेल, बॅटरी किंवा स्टेपनी जाण्याची भीती वेगळीच. थांब्याची प्रत ठरवताना टाइल्स आणि नळ मोजले जातात, पण खरी कसोटी एकच : इथे झोपलो तर माझा नंबर शाबूत राहील का? ढाबेवाल्याला हे बरोबर कळतं. जेवायला आलेल्याला तो गाडी लावू देतो, बाजल्यावर पडू देतो, ड्रायव्हर ज्या वेळी सांगेल त्या वेळी उठवतो, आणि ‘काय पाव्हणं, लई दिवसांनी’ असं विचारतो. अनेक ढाब्यांवरचे संडास वाईट असतात. तरीही ड्रायव्हर तिथेच जातो.

अमेरिकेत हा प्रश्न एका खुनानंतर कायद्यात आला. मार्च २००९ मध्ये जेसन रिव्हनबर्ग हा ड्रायव्हर डिलिव्हरीच्या वेळेआधी पोहोचला. थांबायला जागा नव्हती म्हणून साउथ कॅरोलायनातल्या एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर त्याने ट्रक लावला आणि तिथे त्याला लुटून मारण्यात आलं. त्याच्या पत्नीने पाठपुरावा केला आणि २०१२ मध्ये ट्रकच्या सुरक्षित पार्किंगसाठीची तरतूद ‘जेसन्स लॉ’ या नावाने कायद्यात आली.

चाकणला मात्र अमेरिकेपेक्षा जपानकडून अधिक शिकण्यासारखं आहे, कारण ‘जस्ट इन टाइम’ ही टोयोटाने रुजवलेली पद्धत तिथूनच आपल्याकडे आली. तिथे २०१७ पासून मोठ्या ट्रकच्या ड्रायव्हरला ३० मिनिटांपेक्षा जास्त थांबावं लागलं तर ते नोंदवणं बंधनकारक आहे. एप्रिल २०२४ पासून ड्रायव्हरांच्या जादा कामाला वर्षाला ९६० तासांची मर्यादा आली. तेव्हा सरकारने माल पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या कंपन्यांनाही सांगितलं की थांबणं आणि चढ-उतार मिळून दोन तासांच्या आत आटपा. म्हणजे गेटबाहेरचा वेळ ज्याचा माल आहे त्याच्या हिशेबात गेला. आपण पद्धत उचलली, तिच्या जन्मभूमीत तिला घातलेला हा लगाम अजून उचललेला नाही.

नाशिक फाटा ते खेड हा सुमारे ३० किलोमीटरचा, आठ पदरी उन्नत मार्ग केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केला आहे. त्याने कोंडी फुटेल, आणि ती फुटायलाच हवी. पण उन्नत मार्गावरून लवकर आलेला ट्रक गेटबाहेर तितकाच आधी येऊन थांबेल.

सुरुवात फार छोट्या गोष्टीपासून करता येईल. आज बहुतेक गेटवर गाडी आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ लिहिली जाते, रांगेत लागल्याची नाही. ती वेळ टोकनवर छापावी. नंबर ड्रायव्हरच्या मोबाइलवर यावा, म्हणजे त्याला रांगेत जागत बसावं लागणार नाही. हॉल्टिंग त्या छापील वेळेपासून मोजावं आणि त्यातला ड्रायव्हरचा वाटा थेट त्याच्या खात्यावर जावा. भिंतीला लागून चार संडास, दोन न्हाण्या, पाण्याचा नळ आणि पंख्याखाली वीस खाटा एवढं बांधायला या कारखान्यांना जड जाणार नाही. जागा कमी असेल तर शेजारच्या चार कारखान्यांनी मिळून बांधावं, एमआयडीसीने प्लॉट द्यावा. एकदा थांबण्याचे पैसे मोजावे लागले की गाड्या वेळेवर आत घ्यायची घाई कारखान्यालाच होईल.

पुढच्या आठवड्यात गेटच्या आत जाऊ. गाडी रिकामी कोण करतं, त्याची मजुरी, म्हणजे ‘वारई’, कोणाच्या खिशातून जाते आणि वाहतूकदार ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही मागणी का करत आले आहेत, ते पाहू.