पेटीतल्या हवेची डागडुजी

अमेरिकेतील केंब्रिज शहरात १९५४ साली एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी ‘अकूस्टिक रिसर्च’ ही कंपनी स्थापन केली. तोवर खर्जाचे स्वर भरदार ऐकायचे तर कपाटाएवढ्या पेटीचा स्पीकर घरात ठेवावा लागे. विल्चर यांनी स्पीकरचा कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचा पडदा, मुद्दाम सैल टांगला आणि त्याला मागे खेचण्याचे काम हवाबंद पेटीत कोंडलेल्या हवेकडे सोपवले. हवेचा हा दाब कोनाच्या हालचालीच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे लहान पेटीतूनही खोल आणि स्वच्छ खर्ज निघू लागला. याच तत्त्वावर बेतलेला कंपनीचा ‘एआर-३ए’ हा स्पीकर १९६७ मध्ये बाजारात आला आणि आज जुने स्पीकर विकत घेऊन दुरुस्त करणाऱ्यांची त्याला विशेष पसंती असते.

या स्पीकरमध्ये १२ इंची वूफर खालचे स्वर, दीड इंची घुमटाकार पडदा मधले स्वर आणि पाऊण इंची ट्वीटर वरचे स्वर वाजवतो, तर क्रॉसओव्हर हे विद्युतमंडल ५७५ आणि ५००० हर्ट्झच्या आसपास या तिघांची वाटणी करते. जोडी विकत घेताना गिऱ्हाईक बहुधा वूफरची फाटलेली कड पाहून बिचकते. वास्तविक भीती बाळगायला हवी ती मुक्या ट्वीटरची, कारण वूफर दुरुस्त होतो, पण मूळ ट्वीटर आणि मधला पडदा यांना तोडीचा पर्याय सहजी मिळत नाही. मात्र आवाज येत नाही एवढ्यावरून ते जळाले असे ठरवू नये. पेटीच्या मागे या दोघांचा आवाज कमी-जास्त करणारी दोन बटणे असतात, त्यांचे आतले धातूचे स्पर्शबिंदू गंजले की आवाज अडखळतो किंवा बंद पडतो, आणि हा दोष साफसफाईने किंवा बटण बदलून जातो.

वूफरच्या कोनाची बाहेरची कड धातूच्या चौकटीला जोडणारे कडे बहुधा पॉलियुरेथेन फोमचे असते, आणि दमट हवेने ते कालांतराने चिकट होऊन भुगा होते. नवे कडे बसवताना जुन्या डिंकाचा प्रत्येक कण खरवडून काढावा लागतो. मग कोनाच्या मध्यावरची धूळटोपी कापून व्हॉइस कॉइल, म्हणजे कोनाला चिकटलेले तारेचे वेटोळे, आणि त्याच्या आतला लोहचुंबकाचा खांब यांच्यामधल्या अरुंद फटीत प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या सारतात, म्हणजे डिंक वाळेपर्यंत वेटोळे खांबाभोवती सगळीकडून सारख्या अंतरावर राहते. बोटांनी कोन हलकेच आत दाबल्यावर किंचितही घासल्याचा आवाज आला, तर काम पुन्हा करावे लागते. कडे मऊच हवे. जाड कडे किंवा दुसऱ्याच जातीचा ताठ वूफर बसवला की पेटीतल्या हवेला काही कामच उरत नाही आणि खर्ज आखडतो.

क्रॉसओव्हर, बटणे आणि पेटीत भरलेले काचलोकर यांपर्यंत पोहोचण्याची वाट वूफरच्याच भोकातून जाते. काचलोकर केवळ भर घालण्यासाठी नसते: हवा दाबली गेल्यावर निर्माण होणारी उष्णता ते शोषते आणि त्यामुळे पेटी आहे त्याहून मोठी असल्यासारखी वागते. म्हणून हातमोजे आणि मास्क घालून ते जेवढे काढले तेवढेच परत भरावे. क्रॉसओव्हरमधले ६, ५० आणि १५० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर मीटरवर मोजून पाहावेत आणि मूल्य फार सरकले असेल तरच बदलावेत. महागड्या कपॅसिटरपेक्षा जुळणाऱ्या मूल्याचा कपॅसिटर हजार पटींनी चांगला.

शेवटी वूफरच्या चौकटीखाली हवाबंद लुकण भरून स्क्रू आवळल्यावर कोन हळूच आत दाबून सोडावा. तो सावकाश पूर्ववत झाला तर पेटी बंद आहे, ताडकन उसळला तर कुठेतरी गळती आहे आणि तिचा शोध घेतल्याशिवाय काम पुरे मानू नये. ॲम्प्लिफायर निवडताना हा स्पीकर ४ ओहमचा आणि दिलेल्या शक्तीच्या मानाने कमी आवाज करणारा आहे, याचे भान ठेवावे. ४ ओहमचा भार न पेलणारा छोटा ॲम्प्लिफायर त्याच्यापुढे तापतो.