गाडीची फुंकर मोजणारी तार

मुलांनो, गरम चहा बशीत ओतला की आपण काय करतो? फुंकर मारतो! फुंकर जितकी जोराची, तितका चहा लवकर निवतो. आजच्या अनेक मोटारगाड्यांमधला एक महत्त्वाचा भाग याच साध्या गोष्टीवर चालतो, हे सांगितलं तर खरं वाटेल? त्या भागाचं नाव एअर फ्लो सेन्सर. इंजिनात शिरणारी हवा मोजणं हे त्याचं काम.

हवा कशाला मोजायची?

चुलीत नुसती लाकडं कोंबली तर धूरच होतो. जाळाला हवा लागते. पेट्रोलचंही तसंच. १ किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. १ लिटर पेट्रोलचं वजन साधारण पाऊण किलो. म्हणजे त्याला ११ किलो, अर्थात जवळजवळ ९,००० लिटर हवा हवी! दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि तेवढ्याच उंच खोलीतली सगळी हवा ३ लिटर पेट्रोल फस्त करतं.

आता जरा अकोले तालुक्यात चला. अहिल्यानगर जिल्ह्याच्या या डोंगराळ तालुक्यात कळसूबाई आहे, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटरचं. तिथली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा अंदाजे १५ टक्क्यांनी विरळ असते. गाडी काही शिखरावर जात नाही, पण रस्ता जसजसा चढतो तसतशी हवा थोडी थोडी विरळ होतच जाते. म्हणून ती किती लिटर आली हे कळून भागत नाही, तिचं वजन कळावं लागतं.

हे काम करते एक बारीकशी तार. एअर फिल्टरच्या पुढच्या नळीत ती बसवलेली असते. काही गाड्यांत तारेऐवजी पातळ पट्टी असते. वीज देऊन ती तापवलेली ठेवतात. हवा आली की तार निवते, आणि तिला पुन्हा तापवायला जास्त वीज लागते. किती जास्त, यावरून गाडीतला छोटा संगणक हवेचं वजन ओळखतो आणि त्या मापात इंधन सोडतो. (सगळ्या गाड्यांत हा सेन्सर नसतो. काही गाड्या हवेचा दाब मोजून हिशेब करतात.)

तार खोटं बोलते तेव्हा

समजा, घाटघरहून एका आजारी माणसाला घेऊन जीप राजूरला दवाखान्यात निघाली आहे. चढावर गाडी ओढेना! ॲक्सिलरेटर दाबला तरी अडखळते, आणि समोर 'चेक इंजिन'चा पिवळा दिवा लागला आहे. काय झालं असेल?

कच्च्या रस्त्याची धूळ तारेवर बसली असेल. धुळीची गोधडी पांघरली की तार नीट निवत नाही. संगणकाला वाटतं, हवा कमीच येते आहे. मग तो इंधनही कमी सोडतो, आणि गाडीचा जोर जातो.

पण थांबा! लगेच 'सेन्सर गेला' म्हणून नवा आणायचा नाही. तो महाग असतो. चांगला मेकॅनिक आधी डॉक्टरसारखी तपासणी करतो.

१. स्कॅनर जोडून तो चुकीचा क्रमांक वाचतो. 'पी ०१०१' आला, तर हवेचं माप पटत नाही एवढंच समजायचं. चोर कोण, ते अजून कळलेलं नसतं.

२. एअर फिल्टर उघडून पाहतो. मातीने तुंबला असेल तर हवाच कमी येणार!

३. सेन्सर ते इंजिन ही नळी चाचपतो. रबराला चीर गेली असेल तर मोजलीच न गेलेली हवा आत शिरते. बिचाऱ्या सेन्सरवर उगीच आळ!

४. वायरीचा प्लग पाहतो. पावसाचं पाणी, गंज किंवा उंदराचे दात, कुणीही घात केलेला असू शकतो.

५. स्कॅनरवर आकडा बघत इंजिनाचा वेग वाढवतो. आकडा न अडखळता चढला पाहिजे.

एवढं करूनही संशय सेन्सरवरच आला, तर इंजिन बंद करून तो काढतात आणि खास त्याच्यासाठी मिळणाऱ्या स्प्रेने धुतात. फडकं, कापूस, ब्रश काहीही लावायचं नाही, जोराची हवाही मारायची नाही. तार मोडेल! पूर्ण वाळल्यावर सेन्सर पुन्हा बसवतात, जुना क्रमांक पुसतात आणि गाडी चढावर नेऊन पाहतात. तरीही सुधारणा नसेल, तरच नवा घ्यायचा.

करून पाहा

आईबाबांच्या मदतीने दोन सारख्या वाट्यांत सारखंच गरम पाणी घ्या. एकीवर ताटली झाका, दुसरी उघडी ठेवा आणि पंखा लावा. दहा मिनिटांनी कुठलं पाणी जास्त निवलं? झाकलेली वाटी म्हणजे धुळीने माखलेली तार. वारा दोघींना सारखाच, पण तिला तो कमी 'कळला'.

गाडीचं बॉनेट मात्र स्वतः उघडायचं नाही हं! इंजिन गरम असतं आणि पंखा अचानक फिरू शकतो. त्यापेक्षा ओळखीच्या गॅरेजमध्ये मोठ्यांबरोबर जा आणि काका काम कसं करतात ते पाहा. भाग बदलणं कुणालाही जमतं. बिघाड नेमका कुठे आहे हे शोधून काढणं, खरी कारागिरी तीच!