नगराध्यक्षपदाचा नवखा उमेदवार

निवडणुकीच्या दिवसांत खामगांवच्या बाजारांत, कापसाच्या आडतीपासून चांदीच्या पेढ्यांपर्यंत, एक प्रश्न हमखास ऐकूं येतो : "माणूस चांगला आहे, पण अनुभव काय?" विचारणारा बहुधा उत्तरासाठीं थांबत नाहीं. अनुभव नाहीं म्हणजे उमेदवारी कच्ची, हा निकाल त्या प्रश्नांतच दडलेला असतो. दुसऱ्या बाजूचा कार्यकर्ता तितक्याच घाईनें म्हणतो, "अनुभवी मंडळींनीं आजवर काय दिवे लावले?" दोघांचेंही बोलणें कानाला ठसकेदार वाटतें, परंतु मतदाराला त्याचा उपयोग थोडा. कारण 'अनुभव' या एकाच शब्दाच्या गांठोड्यांत अगदीं निरनिराळ्या वस्तु बांधलेल्या असतात, आणि त्यांतील कोणती या पदाला खरोखर लागते, हें गांठोडें सोडून कोणी पाहत नाहीं.

खामगांवची नगरपालिका १८६७ सालची आहे. जलंबहून येणारा आगगाडीचा फांटा १८७० सालीं व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्तें खुला झाला, त्याच्याही ती आधींची. कापसाच्या पेठेनें हें गांव वाढविलें. जिल्ह्याची कचेरी बुलढाण्यास असली तरी मोठा व्यापार येथें राहिला, आणि २०११ च्या जनगणनेंत वस्ती सुमारें ९४ हजार भरली. सभासदांनीं आपल्यांतूनच अध्यक्ष निवडावा, अशी रीत असते तेव्हां त्या खुर्चीवर येणाऱ्या माणसानें सभागृह निदान आंतून पाहिलेलें असतें. महाराष्ट्रांत २००१ सालीं नगराध्यक्ष थेट मतदारांनीं निवडण्याची पद्धति आली. पांच वर्षांनीं ती गेली, २०१६ सालीं परत आली, २०२० सालीं रद्द झाली आणि २०२२ सालीं पुन्हां लागू झाली. कायद्यानें अशा येरझारा घालाव्या आणि मतदारानें मात्र दर वेळीं तयार असावें, अशी ही मौज आहे! थेट निवडणुकींत सभागृहाची पायरी कधींही न चढलेला मनुष्य एकदम अध्यक्ष होऊं शकतो. कायदा पूर्वानुभवाची अट घालीत नाहीं.

नवख्यांची संख्या वाढण्यास आणखी दोन कारणें घडलीं. अध्यक्षपदाचें आरक्षण सोडतीनें ठरतें आणि त्यांतील निम्मीं पदें स्त्रियांसाठीं असतात. ६ ऑक्टोबर २०२५ रोजीं राज्यांतील २४७ नगरपरिषदांची सोडत निघाली, तेव्हां वर्षानुवर्षें तयारी केलेल्या कित्येकांची वाट एका चिठ्ठीनें बंद झाली आणि ज्या घरांत या गोष्टीचा विचारही नव्हता त्या घरापुढें कार्यकर्ते उभे राहिले. दुसरें कारण असें कीं, २०१६ च्या अखेरीस निवडलेल्या सभागृहांची मुदत संपल्यावर पुष्कळ नगरपालिकांचा कारभार प्रशासकाकडे गेला व २०२५ च्या डिसेंबरांतील निवडणुकांपर्यंत तो त्यांच्याकडेच राहिला. चार वर्षें सभाच भरली नाहीं, तेथें नव्या पिढीला अनुभव मिळावा तरी कोठून? आणि जुन्यांचा अनुभव तरी ताजा कसा राहावा?

आतां या पदाचें काम काय तें पाहूं गेल्यास, सामान्य समजुतींत आणि १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमांत बरेंच अंतर दिसतें. नगराध्यक्ष हा शहराचा राजा नव्हे. सभेचें अध्यक्षस्थान घेणें, मतें समसमान पडल्यास निर्णायक मत देणें, आर्थिक व कार्यकारी कारभारावर नजर ठेवणें, हीं त्याचीं मुख्य कामें. प्रत्यक्ष अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्याच्या हातीं, आणि मुख्याधिकारी हा शासनाचा नोकर, आज येथें तर उद्यां दुसऱ्या गांवीं. म्हणजे या खुर्चीचें सार देखरेखींत आहे. देखरेख करणाराला गटार स्वतः बांधतां आलें पाहिजे असें नाहीं, परंतु गटाराच्या देयकावर सही होण्यापूर्वीं "हें काम कोणत्या ठरावानें झालें, मोजमाप कोणीं घेतलें?" एवढें विचारण्याचें धैर्य त्याच्यापाशीं पाहिजे.

या दृष्टीनें पाहिलें म्हणजे गांठोड्यांतील पहिली वस्तु, नियमांची व कागदपत्रांची माहिती, ही एका वर्षांत शिकतां येण्यासारखी आहे. विषयपत्रिका कशी निघते, इतिवृत्त कसें कायम होतें, निविदा कशी मागवितात, लेखापरीक्षणाचे आक्षेप कोठें वाचावयाचे, हें सारें मेहनती माणूस बारा महिन्यांत आत्मसात करील. दुसरी वस्तु अधिक बिकट आहे. १९९९ सालीं नगरपालिकांची जकात बंद झाली. नाक्यावर गाड्या अडवून मिळणारें तें उत्पन्न गेलें, आणि तेव्हांपासून नगरपालिकेचें लक्ष शासनाच्या अनुदानाकडे लागून राहिलें. मुंबईंत कोणता कागद कोणत्या टेबलावर अडतो, हें जुन्या माणसाला ठाऊक असतें, नव्याला नसतें. आणि येथें नवख्या उमेदवाराचें उणें प्रामाणिकपणें मान्य केलेंच पाहिजे. तिसरी वस्तु म्हणजे परक्याच्या पैशाचा हिशेब चोख ठेवण्याची आणि विरोध करणाऱ्या माणसांकडून काम करून घेण्याची संवय. ही खुर्चीवर बसून येत नाहीं. ती आधींच अंगीं असावी लागते, आणि ती नगरपालिकेबाहेरही मिळते. दहा वर्षें बचतगटाचा हिशेब सांभाळलेली बाई, शाळा चालविलेला मुख्याध्यापक, सहकारी संस्थेच्या सभेंत शिव्याशाप सोसून ताळेबंद मांडणारा चिटणीस, हीं माणसें कागदोपत्रीं 'नवखीं' असतील. परंतु दोनदां निवडून येऊन सभेंत एकदांही तोंड न उघडलेल्या सभासदापेक्षां तीं खचित अनुभवी होत.

अशा नवख्याचें उत्तम उदाहरण अलाहाबादेंत सांपडतें. १९२३ सालीं जवाहरलाल नेहरू तेथील नगरपालिकेचे अध्यक्ष झाले, तेव्हां त्यांना या कामाचा अनुभव नव्हता. खरें तर अध्यक्षपदासाठीं नांव पुरुषोत्तमदास टंडन यांचें होतें. ऐन वेळीं माळ नेहरूंच्या गळ्यांत पडली. त्यांनीं शिस्त लावण्याचा झपाटा चालविला, आणि जमिनीच्या मूल्यावर कर बसवावा, अशी एक धाडसी कल्पनाही मांडली. परंतु ती जमीनधाऱ्याच्या प्रचलित कायद्यांत बसत नाहीं, असें सरकारी अधिकाऱ्यांनीं दाखवून दिलें व ती तेथेंच थांबली. सुमारें दोन वर्षांनीं ते त्या पदावरून बाजूला झाले. या उदाहरणांत नवख्याचे दोन्ही गुणधर्म एकत्र दिसतात : जुन्या सभासदाला सुचणारही नाहीं असा प्रश्न तो विचारतो, आणि उत्तर कोणत्या भिंतीवर आपटणार हें त्याला आधीं कळत नाहीं.

याहून मोठें उदाहरण राष्ट्रपतिपदाचें. २००२ सालीं डॉ. अब्दुल कलाम उमेदवार झाले तेव्हां त्यांनीं एकही निवडणूक लढविलेली नव्हती. प्रतिपक्षाच्या उमेदवार होत्या आझाद हिंद सेनेच्या कॅप्टन लक्ष्मी सहगल. कलाम यांना राजकारणाचा अनुभव नव्हता हें खरें. पण १९८० सालीं अवकाशांत उपग्रह सोडणाऱ्या एसएलव्ही-३ या यानाचें काम त्यांच्या नेतृत्वाखालीं सिद्धीस गेलें होतें, म्हणजे शेंकडों माणसांकडून काम करून घेण्याची वर उल्लेखिलेली तिसरी वस्तु त्यांच्यापाशीं भरपूर होती. पुढें काय झालें? मे २००५ मध्यें ते मॉस्कोंत असतांना बिहार विधानसभेच्या विसर्जनाचा सल्ला मंत्रिमंडळाकडून आला आणि त्यांनीं सही केली; सर्वोच्च न्यायालयानें तें विसर्जन घटनाबाह्य ठरविलें. पुढच्याच वर्षीं मे महिन्यांत लाभाच्या पदांसंबंधींचें विधेयक त्यांनीं फेरविचारार्थ संसदेकडे परत पाठविलें, आणि संसदेनें तें पुन्हां संमत केल्यावर मगच सही केली. पहिल्या प्रसंगीं सल्ला थोपवून धरणारा मुरलेला राजकारणी कदाचित् अधिक सावध राहिला असता. दुसऱ्या प्रसंगीं मात्र कोणत्याच पक्षाचें देणें नसणें हेंच त्यांचें बळ ठरलें. अर्थात् राष्ट्रपतीला मंत्रिमंडळाचा सल्ला बांधून ठेवतो. नगराध्यक्षाला तसें कोणी बांधलेलें नसतें, म्हणून त्याच्या बाबतींत चूक आणि गुण दोन्हींचा परिणाम थेट नळापर्यंत येऊन पोहोंचतो.

आणि येथेंच खरा धोका आहे. नवख्या अध्यक्षाच्या शिकण्याच्या त्या पहिल्या वर्षांत सही त्याची असते, पण हात कोणाचा असतो? मुख्याधिकारी सज्जन असला तर चिंता नाहीं. परंतु पुष्कळदां खुर्चीच्या मागें नवरा, दीर, सासरा किंवा ज्यानें तिकीट मिळवून दिलें तो पुढारी उभा असतो, आणि नवखेपणाची सबब पुढें करून तोच कारभार हांकतो. राखीव जागेवरील स्त्री-उमेदवाराला 'अनुभव काय' म्हणून हिणविणारे गृहस्थ हा प्रश्न मात्र सहसा विचारीत नाहींत. नवखेपण बाईंचें नसून तिला बोलूं न देणाऱ्या घराचें असतें, हें किती सभांतून दिसून येतें! तेव्हां प्रचारासाठीं उमेदवार दारीं आली म्हणजे तिच्याबरोबरच्या मंडळींनीं उत्तर देण्यापूर्वीं तिलाच कांहीं विचारून पाहावें. ज्ञानगंगेच्या धरणाचें पाणी उन्हाळ्यांत किती दिवसांआड येतें आणि मधल्या वाटेवर तें कोठें गळतें? नगरपालिकेचीं बंधनकारक कर्तव्यें कोणतीं आणि ऐच्छिक कोणतीं? कायद्यांत पाणी, दिवे, गटारें, जन्ममृत्यूची नोंद यांचा समावेश पहिल्या यादींत होतो. बाग आणि वाचनालय दुसऱ्या यादींत येतात. पहिलीविषयीं गप्प राहून दुसरीचीच आश्वासनें देणारा उमेदवार, मग तो नवा असो कीं जुना, अभ्यास न करतां आला आहे हें उघड होतें. उलट "हें मला ठाऊक नाहीं, विचारून सांगतें," असें जी स्वतःच्या तोंडानें म्हणते आणि चार दिवसांनीं खरोखर सांगते, तिच्या बाजूला एक मोठी जमेची रक्कम मांडण्यास हरकत नाहीं.

शेवटीं एक व्यवहाराची गोष्ट. नगरपालिकेचे प्रभाग बहुतेक ठिकाणीं दोन सभासदांचे असतात. म्हणजे मतदाराला अध्यक्षासाठीं एक व सभासदांसाठीं दोन, अशीं तीन मतें द्यावयाचीं असतात. अध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचें, असा प्रसंग थेट निवडणुकींत पुष्कळदां येतो, व तेव्हां नवखा अध्यक्ष ठरावामागून ठराव हरत बसतो. ज्या घरानें नव्या माणसाला अध्यक्ष करावयाचें ठरविलें असेल त्यानें उरलेलीं दोन मतें गंमत म्हणून टाकूं नयेत. त्यांतील निदान एक तरी अंदाजपत्रक वाचतां येणाऱ्या, आणि अध्यक्षाचें चुकलें तर सभेंत उभें राहून तसें सांगणाऱ्या जुन्या सभासदासाठीं राखून ठेवावें.