मिठासाठी तटबंदी बांधणारं गाव : स्टोन

क्रोएशिया म्हटलं की सगळे डुब्रोवनिकला पळतात. तिथून वायव्येला, पेल्येशाक द्वीपकल्पाच्या अरुंद मानेवर वसलेलं स्टोन मात्र बहुतेकांच्या यादीत नसतं. वस्ती पाचएकशे माणसांची, पण डोंगरावर चढत जाणारी तटबंदी आजही साडेपाच किलोमीटर शिल्लक! एवढा खटाटोप कशासाठी? मिठासाठी. 1333 मध्ये डुब्रोवनिकच्या प्रजासत्ताकाने हा भाग मिळवला आणि लगेच तट बांधायला घेतला. त्या काळी मीठ म्हणजे रोकडा पैसा.

मिठागरं अजूनही चालू आहेत. समुद्राचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत नेतात, ऊन-वारा त्याला आटवतो आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं. या शेवटच्या वाफ्यांपैकी बहुतेकांना चक्क संतांची नावं आहेत!

तटाच्या पलीकडच्या टोकाला माली स्टोन. तिथल्या खाडीत दोरांना लटकवून कालवं वाढवतात. खाताना वर नुसतं लिंबू पिळायचं. 1996 च्या भूकंपात स्टोनची बरीच पडझड झाली, तटाची डागडुजी पुढे कित्येक वर्षं चालली. आता तटावरून चालत माली स्टोनला जाता येतं. पायऱ्या दमवतात, तेव्हा उन्हाळ्यात सकाळीच निघा.